आलाच्या मुलखात पानांचे ठसे

झाशी जिल्ह्यातलं मऊरानीपूर एकेकाळी खारुआ या लाल कापडासाठी प्रसिद्ध होतं. तो लाल रंग आलाच्या, म्हणजे आपल्या बारतोंडीच्या कुळातल्या झाडाच्या मुळांतून येई. 1868 मध्ये जर्मन रसायनज्ञांनी अॅलिझरीन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं आणि पुढे स्वस्त रासायनिक रंगांपुढे आलाची शेती टिकली नाही. मोठं ज्ञान हातातून गेलं.

वनस्पतिरंग पुन्हा हाताळायचे, तर कागदावर पानांचे ठसे ही सोपी सुरुवात आहे. कागद मात्र सुती चिंध्यांचा हवा; झाशीजवळ ओरछ्याच्या ताराग्राममध्ये असा हातकागद बनवण्याचं काम उभं राहिलं. लाकडी लगद्याचा साधा कागद वाफेत फाटू शकतो.

कागद तुरटीच्या कोमट पाण्यात भिजवावा. गळलेली निलगिरी, पेरू, बाभळीची पानं गंजके खिळे मुरवलेल्या व्हिनेगरच्या पातळ पाण्यात बुडवून कागदांमध्ये मांडावीत. दोन फरशांमध्ये थप्पी घट्ट बांधून तास-दीड तास वाफवावी आणि पूर्ण थंड झाल्यावरच उघडावी. पानांतलं टॅनिन लोहाशी जुळून राखाडी-काळा ठसा उमटतो. सगळी खरी करामत याच संयोगाची आहे!

फाल्गुनात बुंदेलखंडभर पडणाऱ्या पळसफुलांच्या काढ्यात कागद आधी बुडवला, तर पिवळी-केशरी पार्श्वभूमी मिळते. हा रंग उन्हात विटतो. बीट-जास्वंदीचा तर लवकरच. टिकाऊपणासाठी टॅनिनवर विसंबावं. रंग पक्का करायला मोरचूद टाळावा, तो विषारी आहे. रंगाची भांडी स्वयंपाकात वापरू नयेत.