पहिले अंतराळवीर कसे निवडले : निकषांमागचा प्रश्न

मंडळी, आजचा प्रश्न साधा वाटतो. जे काम आजवर कोणीच केलेलं नाही, त्यासाठी माणूस निवडायचा कसा? आपल्या वाशीमची कितीतरी मुलं पोलीस भरतीची तयारी करतात. तिथे धावायला लावतात, छाती मोजतात, कारण पोलिसाला काय करावं लागतं ते ठाऊक असतं. 1959 साली अंतराळात माणसाचं काय होईल, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. घास गिळता येईल का, डोकं ठिकाणावर राहील का, अशा शंका खुद्द तज्ज्ञांनाच होत्या.

मग निवडणाऱ्यांनी उपनिषदांतली ‘नेति नेति’ची वाट धरली म्हणा ना! काय हवं ते सांगता येईना, म्हणून काय नको ते गाळत गेले. अमेरिकेने लष्करी वैमानिकांच्या 508 नोंदी चाळल्या, त्यांतले 110 निकषांत बसले. वय चाळिशीच्या आत, उंची 5 फूट 11 इंचांपर्यंत, चाचणी वैमानिकाचं शिक्षण, 1500 तासांचं उड्डाण. पुढे मुलाखती आणि वैद्यकीय तपासण्या होऊन 9 एप्रिल 1959 रोजी सात नावं जाहीर झाली. सोव्हिएत संघाने 1960 मध्ये 20 तरुण वैमानिक घेतले. त्यांना यंत्रात गरगर फिरवलं, बंद खोलीत कित्येक दिवस एकटं ठेवलं. मार्च 1961 मध्ये अशाच एका कोठडीत आग लागून वॅलेंटिन बोंदारेंको हा 24 वर्षांचा उमेदवार दगावला.

आता विसंगती बघा. एवढं पारखून निवडलेल्या युरी गागारिनच्या यानाचं हाती नियंत्रण कुलूपबंद ठेवलं होतं. ते उघडायचा आकडा लिफाफ्यात घातला होता, का तर अंतराळात माणूस भ्रमिष्ट झाला तर! याउलट, 1963 मध्ये गॉर्डन कूपरच्या यानातली स्वयंचलित यंत्रणा बिघडली, तेव्हा त्याने यान हातानेच खाली आणलं. म्हणजे निवडताना मोजली ती मुख्यतः सोसण्याची ताकद, आणि वेळेला कामी आला तो विवेक.

निकष तटस्थ दिसतात, पण असतातच असं नाही. अमेरिकेत लष्करी चाचणी वैमानिक होण्याची वाट स्त्रियांना बंद होती. त्यामुळे खासगीरीत्या झालेल्या तशाच वैद्यकीय चाचण्यांत 13 महिला वैमानिक उत्तीर्ण होऊनही दाराबाहेरच राहिल्या. तिकडे 1963 मध्ये व्हॅलेंटिना तेरेश्कोवा अंतराळात गेली. ती वैमानिक नव्हती, गिरणी कामगार होती आणि हौशी छत्रीधारी!

आपल्याकडे राकेश शर्मा 1966 मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. गगनयानासाठी निवडलेले चारही वैमानिक तिथलेच. 1982 मध्ये शर्मा आणि रवीश मल्होत्रा प्रशिक्षणासाठी मॉस्कोजवळच्या तारानगरीत गेले. दोघांचीही तयारी पूर्ण झाली. 3 एप्रिल 1984 रोजी उडाले एकटे शर्मा. मल्होत्रा राखीव म्हणून जमिनीवर राहिले.

मल्होत्रा कमी पडले, असं म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. जागा एक होती, तयार माणसं दोन होती. भरतीच्या यादीत नाव नसलेला मुलगा घरी आला की आपण त्याला काय म्हणतो, याचा या निमित्ताने विचार करावा, एवढंच आमचं सांगणं.