दावणीवरील दुभत्या गाईस मागेल तेव्हा पाणी

दावणीस बांधलेल्या जनावरास सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी दाखविण्याची आपल्याकडील रीत दुभत्या गाईस पुरी पडत नाही. दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. यास्तव गव्हाणीशेजारी आपोआप भरणारी पाणभांडी बसविणे हितावह आहे.

उंचावरील टाकीचे पाणी प्रथम एका लहान पेटीत घ्यावे. पेटीत तरंगत्या गोळ्याची तोटी असते. पाणी चढले की गोळा उचलला जाऊन तोटी बंद होते, उतरले की उघडते. पेटीच्या तळातून नळ काढून सर्व भांडी त्यास जोडावीत, म्हणजे पाणी सर्वत्र एकाच पातळीस राहते. सारी मदार या पातळीवर आहे. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहतात, त्याच रीतीने पेटी व भांडी यांच्या कडा एका रेषेत घ्याव्यात आणि पाणी कडेच्या तीन बोटे खाली थांबेल असा गोळा बसवावा. एखादे भांडे याहून अधिक खाली गेल्यास तेथून रात्रभर पाणी वाहील. टंचाईच्या गावी हे परवडणारे नाही. गोळ्यास शिंग लागू नये म्हणून पेटीवर झाकण हवेच.

अतिथंड देशांत पाणी गोठू नये म्हणून नळ खोल पुरतात. आपणही टाकीपासूनचा नळ हातभर खोल पुरावा, पण तो उन्हासाठी. वैशाखात उघड्या नळातील तापलेले पाणी जनावर पोटभर पीत नाही.

भांड्यास तळाशी बूच ठेवून ते रोज धुवावे. आजारी जनावर मात्र या दावणीवर बांधू नये, कारण सर्व भांड्यांत एकच पाणी खेळते.