मॉडेल, वेशप्रदर्शनातील

नवीन धर्तीची वस्त्रे अंगावर धारण करून ती ग्राहक, व्यापारी व वार्ताहर यांच्यापुढे चालून दाखविणारी व्यक्ती. ज्या लांब व अरुंद मंचावर हे प्रदर्शन होते, त्यास सामान्यतः ‘रॅम्प’ म्हणतात. त्यावरील चाल सहज भासली, तरी ती सरावाने कमावलेली असते. कापडाचा पोत, शिवणीची ठेवण व घेराचा डौल यांकडे प्रेक्षकांचे लक्ष वेधणे, हा तिचा मुख्य हेतू होय.

पॅरिसमध्ये व्यवसाय करणारे इंग्रज वेशकार चार्ल्स फ्रेडरिक वर्थ (१८२५–९५) यांची पत्नी मारी व्हेर्ने ही पहिली मॉडेल मानली जाते. लंडनमध्ये ‘लूसिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेडी डफ-गॉर्डन (१८६३–१९३५) यांनी निवडक मुलींना डौलदार चालण्या-वावरण्याचे शिक्षण दिले व संगीताच्या साथीने प्रदर्शने घडवून आणली. पुढे या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था निघाल्या. लंडनमधील लूसी क्लेटन संस्थेत जीन श्रिंप्टन या विख्यात मॉडेलचे शिक्षण झाले.

प्रशिक्षणाचा आरंभ उभे राहण्यापासून होतो. मस्तक सरळ, हनुवटी जमिनीस समांतर, खांदे सैल व किंचित मागे आणि दृष्टी समोरच्या एका बिंदूवर स्थिर, ही मूलभूत ठेवण होय. ती अंगवळणी पडावी म्हणून डोक्यावर पुस्तक ठेवून चालविण्याची जुनी पद्धत आहे. स्त्रियांच्या चालीत एक पाऊल दुसऱ्याच्या जवळजवळ पुढे, एका रेषेत पडते. त्यामुळे कटी लयीत हलते व वस्त्राचा घेर झुलतो. पुरुषांची पावले बहुधा समांतर पडतात. हात मुद्दाम न हलविता सैल सोडले जातात. मंचाच्या टोकाशी क्षणभर थांबून शरीराचा भार एका पायावर घेतात, छायाचित्रकारांना अवसर देतात आणि मग वळतात. वळताना धड आधी फिरते व दृष्टी शेवटी सुटते. चालता चालता कोट खांद्यावरून उतरवून त्याचे अस्तर दाखविणे, हेही शिकावे लागते.

वस्त्र बदलले की चालही बदलते. साडीच्या निऱ्यांमुळे पाऊल आखूड पडते आणि पदराची किनार व नक्षी दिसावी म्हणून तो हातावर पसरून धरतात. उंच टाचांमुळे शरीराचा भार पुढच्या पावलावर येतो आणि घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. १९९३ मध्ये पॅरिस येथे व्हिव्हियन वेस्टवुड यांच्या प्रदर्शनात वीस सेंमी.हून अधिक उंच टाचांचे जोडे घातलेल्या नेओमी कँबेल मंचावर पडल्या. ते जोडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहेत.

भारतात १९९० नंतर या व्यवसायाचा झपाट्याने विस्तार झाला. १९९२ च्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरे स्थान मिळविणाऱ्या मधू सप्रे या मराठी मॉडेलचे नाव त्या काळात गाजले. २००० साली दिल्लीत लॅक्मे इंडिया फॅशन वीक हा सप्ताह प्रथम भरला.

या व्यवसायाचा गंभीर दोष म्हणजे कृशतेचा आग्रह. नमुन्याची वस्त्रे एकाच लहान मापात शिवली जातात. परिणामी वस्त्र देहास बेतण्याऐवजी देह वस्त्रास बेतावा लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये लुइसेल रामोस ही २२ वर्षांची उरुग्वायी मॉडेल माँटेव्हिडिओ येथे मंचावरून उतरताच कोसळून मृत्यू पावली. त्याच वर्षी माद्रिद येथील प्रदर्शनात १८ पेक्षा कमी शरीरवस्तुमान निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) असलेल्या मॉडेलना मज्जाव करण्यात आला. इझ्राएलने २०१२ मध्ये केलेल्या कायद्यात ही किमान मर्यादा १८·५ ठरविली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करणे आवश्यक झाले.