भांड्याच्या तळाशी राजाच्या तलवारी

अठराव्या शतकात युरोपात चिनी मातीच्या भांड्यांवर जी चित्रकला फुलली, तिचा इतिहास बहुधा राजांच्या नावाने सांगितला जातो. ती भांडी ज्या हातांनी घडली, त्यांच्याकडेही पाहिले पाहिजे.

सॅक्सनीचा सत्ताधीश व पोलंडचा राजा ऑगस्टस ह्याला चिनी भांड्यांचा विलक्षण हव्यास होता. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार दिले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली. माणसे देऊन भांडी! त्या व्यवस्थेत माणसाची किंमत काय होती, हे ह्या एका सौद्यावरून कळते.

ही भांडी करण्याची विद्या आधी युरोपला अवगत नव्हती. ब्योटगर नावाच्या तरुणाने सोने करून दाखवतो अशी बढाई मारली आणि ऑगस्टसने त्याला कैदेत टाकले. सोने झाले नाही. पण चिर्नहाउस ह्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली आणि खाणीतल्या कामगारांच्या मदतीने १७०८ च्या सुमारास पांढरे पोर्सेलीन साधले. १७१० मध्ये माइसेनच्या किल्ल्यात कारखाना निघाला. विद्या बाहेर फुटू नये, म्हणून किल्ला! ब्योटगर १७१९ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी मेला.

१७२० मध्ये ह्योरोल्ट हा चित्रकार व्हिएन्नाहून आला आणि रंगकामाला बहर आला. धातूंच्या भस्मांपासून केलेले रंग काचेच्या भुकटीत खलून चकाकीवर लावायचे आणि भांडे पुन्हा भट्टीत घालायचे. भट्टीत रंग पालटतो. म्हणून पुढे काय उमटणार, हे डोळ्यांपुढे ठेवूनच हात चालवावा लागे. कामाची वाटणी कडक होती. कुणी फुलेच काढी, कुणी माणसे, कुणी बंदरावरची जहाजे.

एवढे कसब ओतूनही चित्रकाराची सही भांड्यावर क्वचितच सापडते. १७२२ च्या सुमारापासून तळाशी निळ्या रंगात दोन तलवारी येऊ लागल्या. त्या सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या. माल कुणाचा, हे त्या सांगत. केला कुणी, हे सांगत नसत.

कारागीर मात्र मुकाट राहिले नाहीत. स्ट्योल्त्सेल १७१९ मध्ये विद्या घेऊन व्हिएन्नाला पळाला. ल्योवेनफिंक हा चित्रकार १७३६ मध्ये पळाला. राजाच्या लेखी हे गुन्हे होते. पण आपल्या हातातली विद्या आपली आहे, असे त्यांनी पळून सांगितले.

संग्रहालयात अशी थाळी दिसली, तर तिचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. ते श्रमणाऱ्यांचेच आहे. प्रश्न तळाच्या तलवारींना विचारायचा आहे.