ऑइल जातं कुठे?

वेगासाठी बांधलेलं पेट्रोल इंजिन थोडंफार ऑइल खातंच. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर नसेल तर पिस्टन घासून जाईल, आणि थर आहे म्हटल्यावर त्यातलं थोडं जळणारच. टॅकोमीटरचा काटा जितका वर, तितका हा खप जास्त. म्हणूनच काही कंपन्यांच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा धरलेला असतो. माझी गाडी जर्मन, दोन आसनी, वीसेक वर्षं जुनी, सहा सिलिंडर एका ओळीत असलेली. तिनं ती मर्यादाही ओलांडली, तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: रिंगा गेल्या, हाफ इंजिनचं काम निघालं.

नाना पेठेतले आमचे उस्ताद मात्र पान्याला हात लावायला तयार नव्हते. "खोलायला काय, आत्ता खोलतो साहेब. पण खोलल्यावर पुरावा राहत नाही. आधी मोजू." या बोलण्यामागची शिस्त त्यांच्या शेजारी उभं राहून बघताना कळत गेली. ऑइल खाणाऱ्या इंजिनाची अर्धी दुरुस्ती मोजण्यात असते, असं आज मी खात्रीनं सांगतो.

पहिलं माप ऑइलच्या पट्टीचं. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केलेलं, मग दहाएक मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. दर वेळी तीच जागा, तीच पद्धत. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण १ लिटरचं अंतर असतं. तिथे नजरेचा अंदाज फसवतो. त्यामुळे टॉप-अपचा डबा वजनकाट्यावर ठेवायचा. लिटरभर ऑइल सुमारे ८५० ग्रॅम भरतं, तेव्हा डबा किती हलका झाला त्यावरून गेलेलं ऑइल कळतं. वरच्या खुणेच्या पुढे थेंबही घालायचा नाही, कारण जादा ऑइल फिरत्या क्रँकशाफ्टच्या तडाख्यात सापडून फेसाळतं आणि ब्रीदरच्या वाटेनं जळायला जातं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला, पॅकिंगच्या कडा बॅटरीच्या उजेडात तपासल्या. सगळं कोरडं होतं. म्हणजे ऑइल गळत नव्हतं, जळत होतं.

मग धूर. धूर कधी येतो याला महत्त्व आहे. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी पहिल्या सेल्फला निळा लोट सोडला तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. रात्रीतून थेंब दांडीवरून खाली झिरपलेले असतात. दुसरी परीक्षा घाटात. बोरघाट खालच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरायचा. थ्रॉटल बंद असल्यानं इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि सैल सीलमधून ऑइल आत ओढलं जातं. उतार संपल्यावर पाय दाबला की मागच्या गाडीतल्या माणसाला सहसा निळा धूर दिसतो. आमच्या गाडीनं दोन्ही वेळा धूर सोडला नाही. सील बहुधा ठीक होती. पण धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असं मात्र म्हणता येत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर आतच जिरवतो, आणि ऑइलमधला फॉस्फरस हळूहळू त्याच कन्व्हर्टरला निकामी करतो.

तिसरी पाळी ब्रीदरची. पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो ऑइलपासून वेगळा करून पुन्हा इनटेकमध्ये सोडणारी एक झडप असते, तिच्यात रबराचा पातळ पडदा असतो. उस्तादांनी पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरलं, एक टोक ऑइलच्या झाकणाच्या जागी घट्ट बसवलं आणि इंजिन सुरू केलं. नळीतलं पाणी एका बाजूनं सरसर चढलं आणि पुस्तिकेतल्या मापाच्या खूप वर जाऊन थरथरत राहिलं. इंजिन क्रँककेसमधली हवा गरजेपेक्षा जोरात ओढत होतं आणि हवेबरोबर ऑइलही. झडप काढली तर पडद्याला नखाएवढी चीर. ती बदलल्यावर खप निम्म्यावर आला, पण थांबला नाही.

आता सिलिंडरकडे मोर्चा. सहाही प्लग ओळीनं कापडावर मांडले. चार कोरडे, फिकट तपकिरी. दोघांच्या टोकांवर राखेची जाड पुटं. प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची बारीक नळी सोडली. चांगल्या सिलिंडरमध्ये पिस्टनचा माथा एकसारखा काळा होता. या दोघांमध्ये माथ्याची कड मात्र धुतल्यासारखी लख्ख, कारण खालून वर येणारं ऑइल तिथला कार्बन सतत धुऊन नेत होतं.

तरीही कंप्रेशन सहाही सिलिंडरचं जवळजवळ सारखं. लीक-डाऊन चाचणीत पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडली, तेव्हाही गळती १० टक्क्यांच्या आतच. इथे बरेच जण गोंधळतात. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन प्रामुख्यानं दाब धरतात. तिसरी ऑइल रिंग, तिचं काम भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवणं. कंप्रेशन पहिल्या दोघींचीच साक्ष देतं. तिसरी अडकलेली असली तरी गेजचा काटा खुशाल चांगला आकडा दाखवतो.

आधी स्वस्त उपाय केला. दोन्ही सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवणारं द्रव ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी प्लग बसवण्याआधी, भोकांवर कापड धरून इंजिन सेल्फवर फिरवलं. द्रव दाबलं जात नाही. ते आत राहून गेलं आणि प्लग बसवलेले असले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर ऑइल बदललं. फरक पडला, पण समाधान होण्याइतका नाही. मगच हेड उतरलं.

पिस्टन हातात आला तेव्हा ऑइल रिंगची पोलादी पातळ कडी आणि त्यांच्यामधली नागमोडी स्प्रिंग खाचेत जागीच चिकटलेली होती. बोटानं दाबली तरी हलेना. खाचेच्या तळाशी ऑइल परत जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती गाळानं बंद झाली होती. उस्तादांनी जुन्या रिंगेचा तुकडा मोडला आणि त्याच्याच धारेनं खाच खरवडली, कार्बन निघेल पण धातू दुखावणार नाही इतक्या हलक्या हातानं. मग एकेक भोक तारेनं मोकळं केलं आणि उजेडासमोर धरून पाहिलं. सिलिंडरला बिडाचे लायनर होते, त्यामुळे हलकं होनिंग करता आलं. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असलेल्या भिंतींवर नेहमीचे दगड चालत नाहीत. भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटली. ऑइल धरून ठेवायला ती लागते. नव्या रिंगा बोअरमध्ये सरकवून टोकांमधली फट फिलर गेजनं मोजली, तेव्हाच त्या पिस्टनवर चढल्या. आता १,००० किलोमीटरला पाव लिटरही जात नाही.

रिंगा अडकण्यामागे बहुतेक वेळा ऑइल बदलण्याची लांबलेली मुदत असते. ऑइल २०-२५ हजार किलोमीटर चालतं असं एके काळी सांगितलं जाई. तापलेल्या इंजिनात ते ऑइल खाचांमध्ये शिजतं. मी आता ७-८ हजारांवर बदलतो आणि इंजिन गरम झाल्याशिवाय काटा वर नेत नाही.

पण खरी अडचण आपल्या सवयीत आहे. हेड उतरवण्याची मजुरी आपण कुरकुर न करता देतो. वजनकाटा, पाण्याची नळी, घाटातली फेरी यांत गेलेल्या वेळाचे पैसे मात्र द्यायला तयार नसतो, "नुसतं बघितलंत ना?" म्हणतो. मग मेकॅनिक थेट पाना उचलतो, कारण त्याचं पोट पान्यावर आहे. ज्यांच्याकडे जुनी, हौसेनं जपलेली गाडी आहे, त्यांनी तपासणीची मजुरी आधी ठरवावी, पूर्ण द्यावी आणि प्रत्येक माप लिहून मागावं. हाफ इंजिनच्या खर्चापुढे ती रक्कम लहान असते, आणि काम जाणणारा माणूस त्यामुळेच टिकतो.