तपकिरी जहाजांचा जमाखर्च

संपादकांची अट एवढीच होती: समुद्रावर लिहा, पण सिंधुदुर्ग नको, जंजिरा नको आणि ससून डॉकची पहाट तर नकोच, ती दर वर्षी कुणी ना कुणी लिहितंच. मग मी कुठल्याच नकाशात नसलेला एक समुद्र शोधून काढला. त्याचं पाणी म्हणजे निळ्या पारदर्शक प्लास्टिकच्या टिकल्या आणि लाटेचा फेस म्हणजे त्यांच्यात पेरलेल्या पांढऱ्या. समुद्राचं नाव ‘ब्रिक सीज’ आणि त्यावर चालणाऱ्या खेळाचं नाव ‘ब्रेदरेन ऑफ द ब्रिक सीज’.

देशोदेशीची मोठी माणसं हा खेळ खेळतात. नोकरीधंदा, घराचे हप्ते, मुलांच्या परीक्षा सांभाळून रात्री लेगोच्या ठोकळ्यांतून चाच्यांच्या काळातला एखादा देखावा बांधायचा, त्याचे फोटो काढायचे, त्याला एक गोष्ट जोडायची. सगळ्यांच्या गोष्टी एकाच जगात घडतात. तुमच्या बंदरात माझं जहाज नांगर टाकतं आणि माझ्या गोष्टीत तुमचा कप्तान दारू पिऊन पडलेला असतो. चार पक्ष आहेत: इंग्रजी वळणाचं कॉरिंग्टन, फ्रेंच वळणाचं ओलिऑन, व्यापारात मुरलेलं एस्लँडोला आणि कुणाचंच न ऐकणारे सी रॅट्स. खेळाडूचं स्वतःचं एक पात्र असतं, चार सेंटिमीटर उंचीचं, पिवळ्या चेहऱ्याचं. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर शेजारपाजारच्या पाच घरांनी मिळून वर्षानुवर्षं एकच गोष्ट चालू ठेवली, तर जे होईल ते हे.

लेगोचा इतिहास थोडक्यात आटपतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन यांनी 1932 मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. आजच्या ठोकळ्याचं पेटंट 1958 चं, हातपाय हलवणारा छोटा माणूस 1978 चा. या माणसाला अकरा वर्षं चेहरा असा नव्हताच, दोन ठिपके आणि एक हसू. 1989 मध्ये चाच्यांची मालिका आली आणि त्याला दाढी फुटली, डोळ्यावर पट्टी आली, हाताच्या जागी आकडा आणि पायाच्या जागी लाकडी खुंट आला. त्याच वर्षी त्याच्या हाती बंदूकही आली. आधी निळ्या डगल्यांचे सैनिक त्याच्या मागे लागले, 1992 मध्ये लाल डगल्यांचे. ज्यांनी त्या वयात ही जहाजं जमिनीवर सरपटवली, तीच मंडळी पुढे पोटाला लागल्यावर या खेळात आली.

मी जहाजं बघायला बसलो आणि अडकलो एका पिंपं बनवणाऱ्याच्या पडवीत. पडवीवर कौलं, भिंतीचा गिलावा एका कोपऱ्यात उडालेला आणि आतल्या विटा दिसाव्यात म्हणून तिथे मुद्दाम वेगळ्या रंगाचे ठोकळे घातलेले. लाकडाच्या ढलप्या म्हणून अगदी बारीक भाग विखुरलेले. लढाई नाही, खजिना नाही. पुढे बघत गेलो तर बेकरी, मिठाची कोठी, शिकवणीची खोली, साखरेचा मळा. चाच्यांच्या खेळात ही दुकानदारी कुठून आली?

उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. या खेळाला स्वतःचं चलन आहे, डब्लून. वस्तीत काही बांधलं की त्याचा परवाना काढायचा, त्यासाठी डब्लून मोजायचे, मग ती वास्तू ठराविक काळाने उत्पन्न देते. मोठ्या तळाच्या वास्तूला खर्च जास्त आणि उत्पन्नही जास्त. दुकानं, मळे, खाणी यांनी वस्ती वाढते. जहाजाचंही तसंच. ते बांधा, त्याची प्रतवारी ठरेल, मग सफरीवर पाठवा. सफरीचा निकाल थोडा गणितावर आणि थोडा नशिबावर. नफा होतो, वादळ लागतं, जहाज पकडलंही जातं. नियम नसते तर सगळ्यांनी तीन डोलकाठ्यांची युद्धनौकाच बांधली असती आणि हे जग तोफांच्या धुरात महिन्याभरात संपलं असतं. जमाखर्चाने बेकरीला जागा दिली, आणि बेकरी असल्यामुळे जहाजाला जायला एक बंदर मिळालं. मला या खेळात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही वही आहे.

खरे चाचेही वहीचे पक्के होते. 17व्या शतकात कॅरिबियनमधल्या बुकॅनियर लोकांबरोबर राहिलेल्या एक्सक्वेमेलिनचं पुस्तक 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. मोहिमेआधी हे लोक कसा करार करत ते त्यात आहे: कप्तानाला किती, सुताराला किती, वैद्याच्या औषधपेटीला किती. जखमेचाही दर ठरलेला. उजवा हात गेला तर 600 स्पॅनिश चांदीची नाणी. आणि चाचा कुणाला म्हणायचं हा प्रश्नसुद्धा शेवटी कागदाचाच. कान्होजी आंग्रे आपलं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेली जहाजं पकडत, तर इंग्रज कंपनी त्यांना चाचा म्हणे. मराठ्यांच्या दरबारी ते सरखेल होते. परवान्यावर शिक्का कुणाचा यावरून एकच माणूस एका वहीत लुटारू ठरतो आणि दुसऱ्या वहीत अधिकारी. या खेळात ही गंमत पुरेपूर वापरता येते.

आता जहाजाकडे. लेगो कंपनी जहाजाचा सांगाडा तयार तुकड्यांत देते: नाळ, मधला भाग, मागचा भाग. ते जोडले की अर्ध्या तासात जहाज तरंगायला तयार, पण मग सगळी जहाजं सख्खी भावंडं दिसतात. म्हणून हात बसलेले लोक सांगाडा एकेका पट्टीतून उभा करतात. मी भाच्याचा डबा टेबलावर पालथा करून हाताएवढी बाजू रचून पाहिली. लेगोची माणसं एका गणितावर जगतात ते तेव्हा बोटांना कळलं. ठोकळ्यावरच्या दोन बटणांमधलं अंतर 8 मिलिमीटर. पातळ पट्टीची जाडी 3.2. पाच पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की 16 मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन बटणांची रुंदी. त्यामुळे पाच पट्ट्यांची गड्डी आडवी पाडून उभ्या भिंतीला चिकटवता येते आणि कुठेही फट राहत नाही. जहाजाच्या बाजूच्या फळ्या अशाच बसवतात. गुळगुळीत बाजू बाहेर. कोनातला जो छोटा कंस वापरावा लागतो, त्याचं पातं पट्टीच्या निम्मं, 1.6 मिलिमीटर. अर्ध्या पट्टीची उसनवारी करायची झाली तर ती इथून मिळते.

पण जहाज सरळ नसतं. पोटाशी फुगतं आणि नाळेकडे निमुळतं होतं. इथे हट्टी गोष्ट समोर येते. एका बटणाच्या ठोकळ्याची रुंदी 8 नसून 7.8 मिलिमीटर असते. शेजाऱ्याला खेटू नये म्हणून प्रत्येक बाजूला मिलिमीटरचा दहावा भाग मोकळा सोडलेला असतो. साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्याही आतल्या अचूकतेने कातलेले असतात, तरी ही दोन दशांशाची फट कंपनीने मुद्दाम ठेवलेली आहे. एकेरी ठोकळ्यांची लांब भिंत रचली की ती हाताने हळूच वाकते आणि प्रत्येक सांध्यात या फटीतला थोडा थोडा भाग खर्च होतो. बांधणारा बाक किती मागतो आणि सांधे किती देतात यावर जहाजाची बाजू ठरते. जास्त मागितलं तर मधला एक ठोकळा टक्कन उडतो.

लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी 2006 मध्ये ‘ब्रिकफेस्ट’ मेळाव्यात भागांवर ताण देणाऱ्या जोडण्यांवर एक सादरीकरण केलं होतं. ते या छंदात आजही दाखल्यासारखं पुढे केलं जातं. कंपनीच्या संचात चालणार नाहीत अशा जोडण्यांना हे लोक ‘इल्लीगल’ म्हणतात. चाच्यांच्या जहाजाचा बाक बेकायदेशीर जोडणीवर उभा असावा, याचं मला फार बरं वाटलं.

कटकट सुरू होते ती रंगापासून. जहाज म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे तपकिरी. 2004 च्या सुमारास लेगोने जुना तपकिरी बंद करून लालसर तपकिरी आणला. त्यानंतरची कित्येक वर्षं या रंगाचे भाग ठिसूळ निघाले. पट्टी काढताना मधोमध तडा जातो, दोरी धरणारा चिमटा दाबल्यावर अर्धा हातात येतो. गडद लाल आणि गडद तपकिरी रंगांचीही हीच तक्रार. नंतरचे भाग सुधारले, पण डब्यात जुने-नवे मिसळलेले असतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. भिंत वाकवायला घेतली की कळतो. जो रंग सगळ्यात जास्त लागतो तोच सगळ्यात कच्चा. बाक देण्याची सगळी कारागिरी अशा पट्टीवर करायची म्हणजे हिंमतच.

आपल्याकडे ही हिंमत महागही पडते. खेळण्यांवरचं आयातशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. बाहेरून सुटे तपकिरी भाग मागवणाऱ्याने जहाजाची लांबी ठरवण्याआधी खिसा चाचपावा. पुष्कळ जण म्हणून संगणकावरच बांधतात. तिथे पट्टी तडकत नाही, पण भिंत वाकतही नाही.

वहीचीही गत फार बरी नाही. ती लिहिणारे सगळे हौशी. प्रत्येक दुकानाचं उत्पन्न, प्रत्येक सफरीचा निकाल, कुणाचे किती डब्लून हे कुणीतरी घरचं काम उरकल्यावर मांडत बसतं. हिशेब लांबला की सफरी लांबतात, सफरी लांबल्या की बांधणारा दुसऱ्या छंदाकडे वळतो. पकडलं गेलेलं जहाज तर विचित्रच जागी अडकतं. वहीत ते शत्रूचं झालेलं असतं आणि घरात मालकाच्याच फडताळावर उभं असतं. बहुतेक देखावे पुढच्या देखाव्यासाठी मोडले जातात, उरतो तो फोटो. 2017 मध्ये फोटोबकेट या फोटो साठवणाऱ्या संकेतस्थळाने इतरत्र चित्रं दाखवायला वर्षाला 400 डॉलरच्या घरात पैसे मागितले, तेव्हा अशा कितीतरी छंदांच्या जुन्या गोष्टींतली चित्रं एका रात्रीत गायब झाली.

मला मात्र घोर आहे तो साखरेच्या मळ्याचा. खेळात मळा ही चांगली मिळकत आहे. हिरव्या दांड्यांचा ऊस, मळेवाल्याचा पांढरा बंगला, टोपीतला मुकादम, हे सगळं नजर खिळून राहावी असं बांधता येतं. एक्सक्वेमेलिनच्या यादीत उजव्या हाताची भरपाई 600 नाणी होती, आणि त्याच ओळीत पर्याय दिलेला आहे: किंवा सहा गुलाम. कॅरिबियनची साखर आफ्रिकेतून बांधून आणलेल्या माणसांनी पिकवली. ती माणसं मळ्याच्या वहीत बैलांसारखी मालमत्ता म्हणून मांडलेली असत. लेगोचा पिवळा चेहरा कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा, असं म्हणतात. मळ्यावर तो सोयीचा ठरतो, कारण ऊस कोण तोडतंय हे सांगावंच लागत नाही. खेळ आहे, एवढं ताणू नका, असं कुणी म्हणेल. पण ज्या खेळाने पिंपाच्या ढलप्यांपर्यंत खरेपणा मागितला, त्याच्याकडूनच हे मागावंसं वाटतं.

कॅरिबियनच्या खऱ्या मळ्यांतल्या चरकाला तीन उभ्या लाटा असत. रात्रपाळीत ऊस सारणाऱ्याचा डोळा लागला की बोटं लाटांत जात आणि मागोमाग हात. त्यासाठी चरकाशेजारी एक कुऱ्हाड ठेवलेली असे, अख्खा माणूस ओढला जाण्याआधी हात तोडायला. या हाताला दर नव्हता. कुऱ्हाड लेगोत कधीचीच आहे आणि तिथल्या छोट्या माणसाचा हात खांद्यातून सहज निघतो. मी पाहिलेल्या साखरेच्या मळ्यांत गाड्या होत्या, पोपट होते, गुळाची पिंपं होती. चरकाशेजारी कुऱ्हाड कुणीच ठेवली नव्हती.