सहा इंचांची कॉइल

हातात मेटल डिटेक्टर दिसला की जो तो एकच विचारतो, ‘हे किती खोल जातं?’ फलटणहून भाऊ फोनवर हेच विचारतो आणि इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात ज्या शेतकऱ्याच्या रानात मी त्याच्या लेखी परवानगीनं फिरते, तोही हेच विचारतो. मी मात्र आधी दुसरं पाहते. गंजक्या लोखंडाच्या गर्दीत पडलेली चांदीची चकती यंत्राला वेगळी ऐकू येते का? ते पुष्कळसं ठरतं दांड्याच्या टोकाला बसवलेल्या तबकडीवर, म्हणजे सर्च कॉइलवर.

रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे तारेच्या वेटोळ्यांशी रोजचा संबंध. कॉइलच्या प्लास्टिकच्या कवचात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडला की खाली जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथं धातू असला तर त्यात प्रवाहाचे भोवरे उठतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरं वेटोळं टिपतं. दोन्ही वेटोळी अशी बेतानं बसवतात की पहिल्याचा थेट गोंगाट दुसऱ्यापर्यंत जवळजवळ पोचत नाही. हल्ली ‘डबल-डी’ रचना जास्त चालते. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, मधोमध थोडी एकमेकांवर चढवलेली. ती जमिनीचा अरुंद, लांबट पट्टा ऐकते.

कॉइल मोठी केली की क्षेत्र खोलवर जातं, हे खरं. पण कॉइलच्या व्यासापेक्षा बरीच खोल असलेली छोटी वस्तू घेतली, तर खोली दुप्पट होताच तिच्याकडून येणारा इशारा सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो. म्हणजे कॉइल कितीही वाढवा, पदरात पडतात ते दोन-चार इंच. शिवाय मोठी कॉइल माती जास्त ऐकते आणि खिळेही जास्त ऐकते. इथल्या जबाबदार शोधकांच्या आचारसंहितेनुसार नांगराच्या तासाखाली उकरायचंच नसतं, कारण त्याखालचे थर शाबूत असतात आणि ते उलगडणं पुरातत्त्वज्ञांचं काम. मग त्या जास्तीच्या खोलीचं मी करू काय?

माझ्याकडे मायनलॅबचं इक्विनॉक्स आहे, ११ इंचांच्या मूळ कॉइलसह. या रानाच्या एका कोपऱ्यात मध्ययुगीन वस्ती होती आणि तिथं हातानं घडवलेले खिळे, नालांचे तुकडे पावलापावलाला आहेत. एवढ्या मोठ्या कॉइलखाली एका वेळी तीन-चार खिळे येतात. नगारा घुमत असताना शेजारचा टाळ ऐकू येऊ नये, तशी त्यांच्यात चांदी बुडून जाते. ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचं उपकरण आणलं होतं. गादीतल्या पोलादी तारांनी त्याचे इशारे बिघडवले. डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. गारफील्ड वाचले नाहीत.

म्हणून सहा इंचांची कॉइल आणली. बसवताना दोन गोष्टी जपायच्या. स्क्रू प्लास्टिकचाच हवा. केबल दांड्याला घट्ट गुंडाळायची आणि कॉइलपाशी वळण्यापुरतीच ढील द्यायची, कारण लोंबती केबल हलली की खोटे आवाज येतात. मग आसपासच्या विजेचा गोंगाट टाळणारी सेटिंग निवडायची आणि कॉइल जमिनीवर खालीवर करून यंत्राला मातीची ओळख करून द्यायची. कॉइल बदलली की हे पुन्हा करायचंच.

घरामागे नाणं पुरून घेतलेल्या चाचणीवर माझा विश्वास नाही. ताज्या उकरलेल्या मातीत नाणं वेगळं बोलतं आणि शतकानुशतकं पडून असलेलं वेगळं. गव्हाची कापणी होऊन रान कुळवलेलं होतं, पाऊस पडून छान वाफसा आला होता. ओलसर माती अशा कामाला चांगली. दोऱ्या बांधून पट्टे आखले. आधी मोठ्या कॉइलनं फिरून जिथं आशादायक आवाज आला तिथं लाल काडी रोवली, पण उकरलं काही नाही. मग तेच पट्टे छोट्या कॉइलनं, पांढऱ्या काड्या घेऊन.

काही ठिकाणी दोन्ही काड्या शेजारी आल्या. तिथं बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी टोप्या आणि शिशाचे गोळे निघाले. काही लाल काड्यांपाशी छोटी कॉइल सरळ ‘लोखंड’ म्हणाली. उकरल्यावर वाकडे, मोठे खिळे. आणि एक पांढरी काडी एकटीच, दोन खिळ्यांच्या मधोमध. चार बोटं खोलीवर चांदीचा पाव तुकडा मिळाला, नखापेक्षा लहान. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजानं १२४७ मध्ये काढलेल्या पेनीवर कडेपर्यंत पोचणारा लांब क्रूस होता. सुट्टे हवे असले की लोक त्या रेषेवर नाणं कापत. पूर्ण पेनी सुमारे १८ मिलिमीटर रुंद, वजन दीड ग्रॅमच्या आत. त्याचा हा चौथा हिस्सा. पाव पेनीचं गोल नाणं, फार्दिंग, १२७९ मध्ये आलं आणि हळूहळू ही कापाकापी थांबली. कुणा गरिबानं भाकरीसाठी मोडलेली ही चांदी मला अख्ख्या नाण्याहून मोलाची वाटते.

किंमत मोजावी लागते ती वेळाची. तेवढंच रान धुंडाळायला जवळपास दुप्पट फेऱ्या होतात. मोकळ्या, कमी कचऱ्याच्या रानात मी मूळ कॉइलच लावते.

एक सुटं नाणं इथल्या १९९६च्या ट्रेझर ॲक्टमध्ये सहसा बसत नाही, तरी मी ते सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या परगण्याच्या अधिकाऱ्याकडे, फाइंड्स लिआयझन ऑफिसरकडे दिलं. जागेच्या अचूक नोंदीसह ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या यादीत जाईल. नोंद नसेल तर तो चांदीचा नुसता कपटा. गावाकडच्या तरुणांना मात्र मी डिटेक्टर घ्या म्हणत नाही. भारतात १८७८चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली चीजवस्तू सापडली तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गड-किल्ले आणि संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय उकरणं तर गुन्हाच. आपल्या बेसॉल्टच्या मातीत चुंबकीय खनिजं भरपूर असल्यानं तिथं यंत्रंही गडबडतात.

ऑक्टोबरात गहू पेरला की हे रान माझ्यासाठी बंद होतं. त्याआधी पूर्व-पश्चिम फिरून झालेला तो कोपरा दक्षिणोत्तर घ्यायचा आहे, छोट्याच कॉइलनं. आडव्या खिळ्यावरून दुसऱ्या दिशेनं कॉइल गेली की त्याच्याआड दडलेलं कधी कधी ऐकू येतं.